तो एक फूट

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तिघे आले. पिवळ्या टोप्या, पिवळी जाकिटं, तीन पायांवरची दुर्बीण. पाऊण तास आमच्या घाटाच्या बुरुजावर रोखून बसले! मी कठड्यावरून विचारलं, "काय बघताय?"

"लेव्हल घेतोय, काका."

कशाची? कुणाच्या सांगण्यावरून? दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तिसऱ्याने तंबाखू मळली. कुठंतरी पाणी मुरतंय.

शकूला सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला भाजीवालासुद्धा कट करताना दिसतो." दिसतो! परवा त्याने तराजूला अंगठा लावला होता, तो कुणी पकडला? मीच.

५ फेब्रुवारी, बुधवार

उलगडा झाला. आप्पासो देवळात मोठा रंगीत कागद घेऊन आला. हा आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष — वीस वर्षं बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही. तर नदीकाठ बदलणार. भाजीच्या पटांगणावर फरशी घालून कट्टा होणार, बाकडी, झाडं, दिवे. तिथून पलीकडच्या काठाला चालत जायचा पूल, तारांनी टांगलेला. आणि मागे, जिथे गुळाची जुनी वखार होती तिथे, आठ मजली इमारत. खाली नुसते खांब, माणसं पहिल्या मजल्यापासून वर. नाव इंग्रजी. मला उच्चारता येतं, पण मी उच्चारणार नाही.

चित्रातली माणसं नीट बघितली. सगळी गोरी, सगळी सडपातळ, एकाच्या हातात कुत्र्याचा पट्टा. नदी निळी! चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोराने कृष्णा निळी काढली की मी त्याला घाटावर पाठवायचो — जा, बघून ये.

"मास्तर, आता आपली गल्ली लय भारी हुनार बघा," आप्पासो म्हणाला.

"आणि पूर आला की?"

"त्येचा बी इचार केलाय त्यांनी."

केला असेलच. आमचा नव्हे, स्वतःचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

एकदा सरळ लिहून काढतो. अर्जात लिहितो ते वेगळं, तिथे 'महोदय' घालावं लागतं.

आमच्या गल्लीत प्रत्येक घराला दोन आकडे आहेत. एक पालिकेचा, तो कुणाला पाठ नाही. दुसरा नदीचा, तो रांगत्या पोरालाही ठाऊक. घाटाची सगळ्यात खालची पायरी म्हणजे शून्य. तिथून पाणी किती फूट चढलं ते बुरुजावर वाचायचं. मोठ्या पुलाचे फूट वेगळे, ते बातम्यांत येतात. आमचे आमच्या बुरुजाचे. बुरुजावर पंचवीस झाले की आमच्या उंबऱ्याला पाणी. आप्पासोचं घर चोवीस. नाथाजीचं बावीस — गल्लीत सगळ्यात खाली.

बुरुजावरचे आकडे माझ्या हातचे. पांढऱ्यावर काळा ऑइलपेंट. वळण असं की नदीच्या मध्यातून वाचावं.

आता ८ ऑगस्ट २०१९. दुपारी बारा. नाथाजी दारात आला. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, तीस वर्षं रोज सकाळी माझ्याबरोबर फिरणारा. म्हणाला, "मास्तर, किती?" मी म्हणालो, "वीस. अजून दोन फूट आहेत. तासाला पाच इंच चढतंय, म्हणजे पाच वाजेतोवर बघायला नको." त्याने राहीवहिनींना बोचकी देऊन शाळेत पाठवलं. स्वतः म्हणाला, "जेवतो, जरा पडतो, मग चार वाजता म्हशी काढतो." माझ्या शब्दावर तो झोपला.

अडीचला पाणी घरात. मागच्या गोठ्यात त्याच्या आधी. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने एका म्हशीचं दावं सोडलं. दुसरीचं सुटलं नाही. संध्याकाळी नाव आली तोवर तो गोठ्याच्या भिंतीवर बसून होता, ओला, थरथरत. ताप आला, छाती भरली, मिरजेला नेलं. अकराव्या दिवशी गेला.

अडीच तासांत दोन फूट! असं पाणी चढत नाही. एक फूट चढायला हवं होतं. मग दुसरा फूट कुठून आला? कुणीतरी वरच्या धरणातून सोडला, न सांगता. सहा वर्षं मी हेच विचारतोय. सत्तावीस अर्ज झाले. उत्तर एकच — नोंदीत तसं काही नाही.

नोंद! नोंद करणारा कोण? तेच.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२ मार्च, रविवार

भाजीचं पटांगण रिकामं केलं. बायकांना तात्पुरतं बसस्टँडकडे बसवलंय. तात्पुरतं! आमच्या शाळेचं तात्पुरतं पत्र्याचं छप्पर मी नोकरीला लागलो तेव्हा घातलं होतं, निवृत्त झालो तेव्हाही तेच होतं.

आप्पासो रोज कामावर जाऊन उभा राहतो, हात मागे बांधून. कुणी काही विचारत नाही त्याला. तरी सांगतो.

१७ मार्च, सोमवार

नवीन इंजिनिअर आली. संयोगिता म्हणून. कुंडलची पोर, वडील सैन्यात, तिशीच्या आतली. माझ्या पाया पडली. पाया! कामावरची इंजिनिअर उगीच पाया पडते का? काहीतरी काढून घ्यायचं असणार.

"सर, बुरुजावरचे आकडे तुम्ही घातलेत ना? किती सुंदर आहेत. कधी घातले?"

"बारा साली."

"आणि त्याच्या आधीचे?"

"दगडात कोरलेले होते. मंडळाने सिमेंटचा गिलावा केला, त्याच्याखाली गेले."

तिने वहीत लिहून घेतलं. मी विचारलं, हे कशाला लिहिता? म्हणाली, "असू दे, सर."

असू दे म्हणजे काय? असू दे म्हणणाऱ्या माणसाकडे नेहमी काहीतरी असतं.

११ एप्रिल, शुक्रवार

घाटाच्या पायथ्याशी जेसीबी! नदी आटलीय, संधी साधली. आमच्या घाटाखालचा गाळ उपसतायत. मी ओरडत खाली गेलो, शकू मागून चप्पल घेऊन. संयोगिता म्हणाली, "सर, काही मोडत नाही. खालची पायरी शोधतोय."

"खालची पायरी दिसतेय की डोळ्यांसमोर!"

तिने जेसीबीवाल्याला हात केला. पुन्हा दोन बादल्या गाळ निघाला. तिथे एक माणूस खाली वाकून पाण्याच्या पाइपने दगड धूत होता. त्याने तिला काहीतरी सांगितलं. तिने वहीत आकडा लिहिला, बुरुजाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं — आणि वही मिटली.

मला दिसतं. म्हातारा झालो, आंधळा नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

संयोगिता राहीवहिनींच्या ओट्यावर बसून चहा पीत होती! आणि दोघी हसत होत्या. मी पुढून गेलो तर हसणं थांबलं.

राहीवहिनींशी मी सहा वर्षांत मान वर करून बोललेलो नाही. त्यांनी कधी एका शब्दाने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. रोज सकाळी नातवाच्या हाती माझ्याकडे अर्धा लिटर दूध येतं. शकू म्हणते, आपण ते रतीबाने घेतो. पण मला तो तांब्या बघवत नाही.

मी अर्ज लिहितो ते त्यांच्यासाठी. नाथाजीचा फूट कुणी चोरला ते एकदा सरकारी कागदावर यायला हवं. आणि आता त्या बिल्डरच्या माणसांना चहा देतात? घर विकायला निघाल्या की काय! बावीसवरचं घर. त्या इमारतीला नदीकडे जायची वाट हवीय, ती नेमकी तिथूनच.

१६ एप्रिल, बुधवार

शकूला विचारलं, राहीवहिनी घर विकतायत का. म्हणाली, "विचारा की त्यांनाच. दहा पावलांवर घर आहे."

दहा पावलं. तिला काय जातं म्हणायला.

२० मे, मंगळवार

कट्टा जवळजवळ झाला. पूलही. तारा ताणल्यात, मधून जाताना किंचित हलतो. आप्पासो म्हणतो, हलतो म्हणजेच मजबूत. हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे.

मी फक्त तपासायला गेलो होतो. पुलाच्या मध्यावर उभं राहिलं की आपली गल्ली पहिल्यांदाच समोरून दिसते. सत्तर वर्षं राहतोय, पण समोरून कधी बघितली नव्हती. घाट, बुरूज, देऊळ, आमची माडी. सगळं लहान आणि एकमेकांना टेकून. बराच वेळ उभा होतो. शकूला सांगितलं नाही.

बाकडीही बरी आहेत. पाठीला बरोबर बसतात. यात काहीतरी मेख असणार.

मेख सापडली. कट्ट्याच्या टोकाला, नदीतूनच, एक काँक्रीटचा खांब उभा केलाय. त्यावर स्टीलच्या पट्ट्या आणि आकडे. एक, दोन, तीन... तीसपर्यंत. संयोगिता म्हणाली, "सर, मोठ्या पुलाचे फूट लावणार होतो, पण राहीआज्जी म्हणाल्या, आमच्या घरांचे आकडे बदलू नका. मग तुमच्या घाटाचेच फूट लावले. खालच्या पायरीपासून."

आमचा बुरूज असताना खांब कशाला? एका म्यानात दोन तलवारी. पाणी येऊ दे. पाणी खोटं बोलत नाही.

८ जून, रविवार

उद्घाटन. फुगे, बँड, नारळ. कट्ट्यावर अख्खी सांगली लोटली. भेळवाले आले, पोरं पुलावर फोटो काढत होती. आप्पासोने जाहीर केलं की आता नवा खांब झालाय, तर पावसाळा संपला की बुरुजावरचे जुने आकडे पुसून देवाचं चित्र काढू. टाळ्या!

मी उठून म्हणालो, "बुरुजाला हात लावायचा नाही. तो पुरावा आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी पायाकडे बघत होतं. आप्पासो एकदम मवाळ — "र्‍हाऊ द्या, र्‍हाऊ द्या, मास्तर म्हनत्यात तर र्‍हाऊ द्या." हा माणूस इतक्या लवकर ऐकतो? कधीपासून?

गेल्या वर्षीचंही आठवलं. बुरुजावर अठरा होते. आमच्याकडे रीत अशी, की आपल्या आकड्याला तीन फूट उरले की सामान हलवायचं. म्हणजे राहीवहिनींनी एकोणीसला हलायचं. अठरालाच त्यांची म्हैस वर! पाणी आणखी चढल्यावर आप्पासोही त्याच्या आकड्याच्या एक फूट आधीच उठला. आणि शकूने माझं न ऐकता धान्याचे डबे माळ्यावर नेले. कुणीतरी या लोकांना भीती घालतंय. घाबरले की घरं स्वस्तात निघतात.

२७ जून, शुक्रवार

सापडलं!!

नदीला पाणी आलं. सकाळी बुरुजावर बरोबर नऊ. तसाच कट्ट्यावर गेलो, नव्या खांबावर बघितलं — दहा! पुन्हा बुरूज, पुन्हा खांब. तीन फेऱ्या मारल्या. नऊ आणि दहा. एक फूट!

एकच नदी, एकच पाणी, दोनशे पावलांवर एक फुटाचा फरक. मुद्दाम एक जास्त दाखवणारा खांब. आता कळलं भीती कोण घालतंय. अक्षर वाईट येतंय.

२८ जून, शनिवार

अठ्ठाविसावा अर्ज दिला. "सदर खांबावरील आकडे खोटे असून नागरिकांची दिशाभूल करण्याच्या हेतूने..." शकूला वाचून दाखवला. नेहमी ती ऱ्हस्व-दीर्घ काढते. आज ऐकून घेतलं आणि उठून कुकर लावला. शिट्ट्या मोजत उभी राहिली, पाठ माझ्याकडे.

५ जुलै, शनिवार

संयोगिता घरी आली. एकटी, कागद नाही, दुर्बीण नाही. म्हणाली, "सर, माझं काही ऐकू नका. तुम्हीच मोजा. राहीआज्जींच्या भिंतीवर तुमच्या दोन रेघा आहेत, पाच सालची आणि एकोणीसची. तिथून मोजा."

मी म्हणालो, "मोजीन. माझ्या साधनाने."

"तुमच्याच साधनाने, सर." आणि पुन्हा पाया पडली. या वेळी मला तिचा संशय आला नाही, माझा मलाच राग आला. का ते कळलं नाही.

१३ जुलै, रविवार

गवंड्याकडून पारदर्शक नळी आणली, ऐंशी फूट. आत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत उभं राहतं. याहून सरळ साधन जगात नाही. त्याला पगार नाही, त्याचा साहेब नाही.

राहीवहिनी बाजारात गेल्या होत्या. बरं झालं. त्यांच्या पुढच्या भिंतीवर दोन रेघा आहेत, दोन्ही माझ्या हातच्या. खालची: '२००५ — २६ फूट'. ती मी दगडातले जुने आकडे वाचून लिहिली होती. वरची: '२०१९ — २८ फूट'. ती माझे स्वतःचे आकडे वाचून.

शकूने नळीचं एक टोक सव्वीसच्या रेघेला धरलं. दुसरं टोक घेऊन मी बुरुजापाशी गेलो. पाणी हललं, स्थिर झालं.

पंचवीस.

नळीत बुडबुडा असेल म्हणून ओतून पुन्हा भरली. पंचवीस. "शकू, रेघेवर धरलीस ना?" "रेघेवरच आहे." तिसऱ्यांदा. पंचवीस.

मग अठ्ठावीसच्या रेघेला धरायला सांगितलं. बुरुजावर बरोबर अठ्ठावीस.

परत येऊन दोन रेघांमध्ये टेप लावला. सव्वीस आणि अठ्ठावीस — दोन फूट हवेत. तीन भरले.

सहा वर्षं त्या दोन रेघा तिथे आहेत, रोज त्यांच्यापुढून जातो, मान खाली घालून. मोजल्या नाहीत. दुनियाभर मोजत हिंडलो.

शकूने नळीतलं पाणी तुळशीला घातलं, नळी गुंडाळली आणि म्हणाली, "चहा टाकते." किती आलं ते तिने विचारलंच नाही.

१४ जुलै, सोमवार

काही लिहायचं नाही.

१५ जुलै, मंगळवार

अठ्ठाविसावा अर्ज मागे घेतला. कारण या रकान्यात लिहिलं, 'तक्रारदाराची चूक'. कारकून म्हणाला, "काका, नीट विचार केलाय ना?" नीट! हा शब्द ऐकून रडू आलं. तिथेच, खिडकीपाशी. मागच्या माणसाने मला पाण्याची बाटली दिली.

२२ जुलै, मंगळवार

आठवायचं नव्हतं, पण सगळं आठवलं.

बारा सालचा जून. मी पुण्याला मयूरीच्या बाळंतपणाला गेलो होतो. लेकीकडून परत आलो तर गिलावा वाळलेला, जुने आकडे आत गडप. आप्पासो म्हणाला, "मास्तर, तुमचा हात चांगला हाय, तुमी घाला आकडं." केवढा फुगलो मी! पण नदीला पाणी येऊन दोन-तीन पायऱ्या बुडाल्या होत्या. मोजणी करायची खालच्या पायरीपासून. मी पँट वर करून पाण्यात उतरलो. वरच्या पायरीवर नाथाजी, माझा हात धरून.

पायाला एक पायरी लागली, तिच्यापुढे चिखल. मी ओरडलो, "ही शेवटची! टेप सोड!"

नाथाजी म्हणाला, "मास्तर, खाली गाळ हाय. आणि एक पायरी असंल. उन्हाळ्यात बघू की पानी उतरल्यावर."

मी म्हणालो, "पायाला कळतं मला."

आमच्या घाटाची प्रत्येक पायरी एक फुटाची.

म्हणजे त्या दिवशी दुपारी बारा वाजता बुरुजावर वीस होते ते वीस नव्हते. एकवीस होते. दोन फूट नव्हते उरले, एकच होता. पाणी आपल्या चालीनेच चढलं, तासाला पाच इंच. अडीचला यायचं होतं, अडीचला आलं. कुणी काही सोडलं नव्हतं. कुणी काही लपवलं नव्हतं.

मी त्याला झोपवला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

राहीवहिनींकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. नाथाजीच्या वर्दीतल्या फोटोला हार होता. वाक्य तयार होतं, घरातून पाठ करून गेलो होतो. त्यांनी कॉफी दिली. साखर कमी, मला लागते तशी. मला कॉफी कशी लागते ते त्यांना कसं माहीत? नाथाजीने सांगितलं असणार कधीतरी.

"आवं मास्तर, त्या पुलावर गेलता का? म्या काल गेलते. ह्या वयात पाय लटपटलं, पर मदी गेल्यावर लय ग्वाड वाटलं. आपली गल्ली दिसती तितनं."

मी म्हणालो, हो, दिसते. कॉफी संपली. उठून आलो.

भ्याड.

त्यांनी घर विकायला काढलेलं नाही. हे मात्र विचारलं. हसल्या. "ह्यांच्या म्हशीची जागा हाय, ती इकू व्हय?"

१९ ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस संततधार. बुरुजावर सकाळी चौदा, आता सतरा. कट्टा पाण्याखाली गेला, दिव्यांच्या नुसत्या मुंड्या वर. आठ मजलीच्या खांबांमधून पाणी फिरतंय. नवा खांब उभा आहे, अठरा दाखवतोय, खरं दाखवतोय. तरी लोक येऊन मलाच विचारतात, "मास्तर, किती?" मी बुरुजावरचा आकडा सांगतो. जीभ पुढे रेटत नाही. ते मान डोलावून निघून जातात.

आता नाही टाळणार. उद्या सांगायचं. आधी वहिनींना, मग चौकात सगळ्यांना.

२० ऑगस्ट, बुधवार

दुपारी पाण्यातून चालत राहीवहिनींच्या दारात गेलो. म्हणालो, "वहिनी, बुरुजावर वीस आहेत, पण —"

बाकी सामान कालच वर गेलं होतं, त्या शेवटचं बोचकं बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्हंजी एकवीस. म्हस सोडा तुमी, मला गाठ सुटत न्हाई आता."

"एकवीस का म्हणालात?"

"आवं, सारी गल्लीच मिळवती की एक. ह्यांच्या तेराव्याला भित्तीला चुना देताना रेघांमदी हात टाकून बगितलं, दोन हात भरलं. म्हंजी तीन फूट. तवाच कळलं."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी बोचकं डोक्यावर घेतलं. "ह्यांनी जाताना हात धरला माजा. म्हनले, मास्तर इच्यारंल पानी कुटनं आलं. त्याला सांगू नगंस."

मी गोठ्यात गेलो. दावं सोडलं.